पिठाच्या डब्यावरचा माइक

सोनाजी स्टुलावर चढून पाळण्याच्या कडीला माइक टांगत होते, तेवढ्यात शेजारच्या सरूबाईंनी दारातून डोकावलं.

"काय हो सोनाजीभाऊ, कुणाचं बारसं हाये?"

"ड्रमचं," सोनाजी न वळता म्हणाले.

"मंग घुगऱ्या धाडून द्या," म्हणत सरूबाई हसतहसत आपल्या ओट्यावर जाऊन बसल्या. लसूण सोलायला बसलं की त्यांना समोरच्या घरात काय चाललंय ते बसल्या जागी दिसायचं, आणि दिसलं नाही तरी ऐकू यायचं.

मुकुंदवाडीत स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत सोनाजींचं घर. पुढं पत्र्याची मोठी खोली, मागं निजायची लहान खोली आणि पुढच्या खोलीलाच लागून स्वयंपाकघर. लोकांच्या घरात ज्या जागी दिवाण आणि टीव्ही असतो, त्या जागी सोनाजींच्या घरात ड्रमसेट होता. पायानं वाजवायचा मोठा ड्रम, मांडीपाशी येणारा तडतड्या साइड ड्रम, वर टॉम म्हणतात ते दोन मधले ड्रम आणि पिवळ्या पडलेल्या झांजा. पाहुणे आले की बाजूच्या खुर्च्यांवर अंग चोरून बसत आणि चहा पिऊन होईस्तोवर झांजेला कोपर लागणार नाही ना, याच काळजीत असत.

सोनाजींचे वडील मल्हारराव मेंढरं राखायचे. पोरगा चिकलठाण्याच्या कंपनीत लागला याचा त्यांना आनंद झाला, पण तो संध्याकाळी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो हे कळल्यावर म्हणाले होते, "मेंढरामागं हिंडला असता, तर निदान मेंढरांनी तरी ऐकलं असतं." सोनाजी तेव्हा हसले होते. दिवसा यंत्रावर आणि संध्याकाळी स्टेजवर, असं त्यांचं सगळं तरुणपण गेलं. गणपती, नवरात्र, लग्नाचे स्वागतसमारंभ, लासूर स्टेशनच्या व्यापाऱ्यांचे कार्यक्रम. गाणारा गाऊन जायचा, टाळ्या घेऊन जायचा. ड्रमवाल्याला लोक गर्दी पांगल्यावर बघायचे, कारण सामान आवरणारा तोच शेवटचा असायचा.

पण मल्हाररावांचं ते बोलणं सोनाजींच्या म्हातारपणी खरं ठरायला लागलं होतं. ऑर्केस्ट्राच्या कॅसेटी निघाल्या, पुढं सीड्या निघाल्या. त्या भरायला गाणारे पुण्याला जात. "सोनाजी, तुझं एवढं लटांबर कोण नेणार? तिथं मशीन असतं," असं म्हणून त्यांना मागं ठेवत. इतकी वर्षं हात चालला, पण तो हात कुठं राहिला म्हणून विचारलं, तर दाखवायला काही नव्हतं. एकदा घरीच टेपवर थोडंसं भरलं होतं, तर त्या कॅसेटवर पुढं कुणीतरी कीर्तन भरून टाकलं.

तरी घरात एक ऐकणारं माणूस होतं. बानाबाई. सरावाला बसले की सोनाजी शेवटचा ठोका मारून, काड्या खाली ठेवायच्या आधी स्वयंपाकघराकडं बघून विचारायचे, "कसं वाटलं गं?" आणि आतून ठरलेलं उत्तर यायचं, "वरण करपलं." कारण ड्रमच्या आवाजात कुकरच्या शिट्ट्या बुडायच्या. हात साधारण चालला असेल, तर शिट्ट्या ऐकू यायच्या आणि वरण नीट व्हायचं. बानाबाईंनी त्याहून वेगळी तारीफ कधी केली नाही आणि सोनाजींनी मागितली नाही.

बानाबाई आता पुण्यात होत्या. सुनेचं बाळंतपण झालं तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. मग सुनेची नोकरी सुरू झाली, मग नातीला दात आले, मग नात चालायला लागली. प्रत्येक वेळी राहण्यासारखं काहीतरी निघत गेलं. सोनाजी सुरुवातीला तिकडं जाऊन राहिले, पण त्या उंच इमारतीत त्यांना करायला काही नव्हतं, आणि मुलाच्या दोन खोल्यांत त्यांची खाट रोज संध्याकाळी अंथरावी आणि रोज सकाळी उचलावी लागायची. ते परत आले. "कधी येते?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. "येऊ का?" असं तिनंही विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणाला तरी नाही म्हणावं लागलं असतं.

अशात रामकिसन आला. हा ऑर्केस्ट्रातला ऑर्गनवाला. आता पुंडलिकनगरात एका खोलीत संगणक मांडून भक्तिगीतं करायचा आणि मोबाईलवर सोडायचा. चहा पिता पिता म्हणाला, "सोन्या, खंडोबाचं एक गाणं करू राहिलो. मशीनचा ड्रम लई सपाट वाटतो. तू वाजवशील का?"

सोनाजींनी कप खाली ठेवला. "कुठं वाजवायचं?"

"माझ्या खोलीत तुझा सेट ठेवला, तर मला जिन्यात बसावं लागंल. इथंच भर. मी रेकॉर्डर देतो, एक माइक देतो. तुझे दोन असतीलच जुने."

"तिनावर भागतंय?"

"भागवलं तर भागतंय. शुक्रवारपर्यंत दे मात्र. नाय जमलं, तर मशीन हायेच."

त्या शेवटच्या वाक्यानं सोनाजींची झोप उडवली. मशीन हायेच. उभी हयात त्या मशीननं त्यांना मागं ठेवलं होतं, आणि आता ते दारात येऊन उभं होतं, शुक्रवारची वाट बघत.

म्हणून तर पाळण्याच्या कडीला माइक लटकत होता. नात इथं आली असती तर तिचा पाळणा तिथं लागणार होता. कडी नवीन बसवली होती, पण नातीचा पाळणा पुण्यातच लागला. माइक मात्र तिथं नेमका बसला, ड्रमच्या डोक्यावर. दुसरा त्यांनी मोठ्या ड्रमपुढं पालथ्या घातलेल्या पातेल्यावर ठेवला. तिसरा, रामकिसनचा, साइड ड्रमजवळ खुर्चीच्या पाठीला बांधला.

ऑर्केस्ट्रावाल्यांचं एक ठरलेलं शहाणपण होतं: घुमलं की बिघडलं. मांडवात, मंगल कार्यालयात, पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमायचा आणि सगळ्या वाद्यांची खिचडी व्हायची. म्हणून त्यांनी जन्मभर ड्रममध्ये कापडं कोंबली, झांजांना चिकटपट्ट्या लावल्या. सोनाजींनी तेच केलं. खिडक्या लावल्या, भिंतींवर चादरी, सतरंज्या, जुने पडदे टांगले. मोठ्या ड्रममध्ये भरायला काहीतरी जड पाहिजे होतं, म्हणून ट्रंकेतून घोंगडी काढली आणि कोंबून बसवली. मग रेकॉर्डर चालू केला आणि वाजवलं.

आणि इथं त्यांना पहिल्यांदा कळलं, की हे काम एकट्याचं नाही. वाजवताना ऐकू येत नाही आणि ऐकताना वाजवता येत नाही. कानात हेडफोन घातला तरी बाहेरचा ड्रमच मोठा वाटतो. मग वाजवायचं, गुडघ्यावर हात ठेवून उठायचं, रेकॉर्डर बंद करायचा, खुर्चीवर बसून ऐकायचं, माइक चार बोटं सरकवायचा आणि पुन्हा जाऊन बसायचं. दुसरं माणूस असतं, तर नुसतं "जरा मागं घ्या" म्हणालं असतं. दुसरं कुणी नव्हतं. सरूबाईंना विचारावं, तर त्यांच्या मते ड्रम जिथून ऐकू येत नाही, तीच जागा सगळ्यात चांगली.

जे जमलं ते त्यांनी रामकिसनला पाठवलं. त्याचा लगेच फोन आला.

"सोन्या, हे काय रे? गादीवाला गादी झोडपू राहिला असं वाटतंय."

"घुमू नये म्हणून कापडं लावली."

"घुमत नाय ते बरंय, पण मेलंय ना ते! अन् तुझे दोन माइक एकमेकाला खाऊ राहिलेत. एकाच घरातली दोन माणसं एकच गोष्ट मागंपुढं सांगायला लागली, की काय कळतं का? तसं झालंय. एक लांब ने."

"किती लांब?"

"ते मला हितून काय दिसतंय? वाजतं तिथं उभं राहून बघावं लागतं."

दुपारी बानाबाईंचा फोन यायचा. नात झोपली की त्या बाल्कनीत येऊन बोलायच्या, त्यामुळं दोन वर्षं त्यांचं सगळं बोलणं कुजबुजीतच चाललं होतं. सोनाजीही नकळत हळू बोलायचे, जणू पोर त्यांच्याच मांडीवर झोपलंय. त्या दिवशीही फोन आला.

"जेवले का?"

"जेवलो."

"काय केलतं?"

"होतं कालचं." मग त्यांनी रेकॉर्डिंगचं सगळं सांगितलं. चादरी, सतरंज्या, रामकिसनची गादी.

"अन् मोठ्या ढोलात काय कोंबलं?"

"घोंगडी."

"कोणती घोंगडी?"

प्रश्न विचारल्यावरच सोनाजींना उत्तर कळलं.

"अहो, ट्रंकेतली?" बानाबाईंची कुजबुज पोर उठेल इतकी चढली. "मामंजींची? चंपाषष्ठीला जिच्यावर देव मांडतो ती? अन् तिला तुम्ही सकाळपासून लाथा हाणू राहिले?"

"पायानंच वाजतो तो ड्रम..."

"म्हणून देवाला? देवाचंच गाणं हाये ना ते? मंग कसं वाजंल? काढा आधी. भंडारा लावा, नाक घासा, अन् नीट घडी घालून ठेवा. उलटी नका घालू घडी."

सोनाजींनी फोन ठेवला आणि ड्रमची मागची कातडी सोडवली. ज्या घोंगडीवर चपलेचा पाय कुणी पडू दिला नव्हता, तिच्यावर त्यांनी पेडलनं सकाळभर ठोके घातले होते. धनगराच्या पोटी जन्मून ही चूक करणारे आपण एकटेच असू, असं त्यांना वाटलं. त्यांनी भंडारा लावला, डोकं टेकलं, घडी घातली. मग सहज म्हणून पेडल दाबलं. ड्रम असा काही बोलला, की छताचा पत्रा थरारला आणि सरूबाईंचा आवाज आला, "आवो, वरात निघाली का काय?"

घुमत होतं. पण जिवंत होतं. सोनाजींनी हळूहळू भिंतींवरच्या चादरीही उतरवल्या. आत फक्त एक जुना स्वेटर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं, "बाना, एक माइक लांब ठेवायचा म्हणतो रामकिसन. कुठं ठेवू?"

"मी काय सांगू? तुमच्या त्या टेपवर भरलं होतं तवा कुठं ठेवला होता?"

"ते कीर्तन भरलेलं?"

"व्हय. तुम्ही वाजवू राहिले अन् मी टेप घेऊन घरभर हिंडले. खिडकीपाशी नुसतं टिनपाट, दारापाशी नुसता ढोल. मंग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बरं वाटलं, म्हणून पिठाच्या डब्यावर ठेवला. खाली कापडाची चुंबळ ठेवली व्हती, घसरू नये म्हणून. तिथं सगळं सारखं ऐकू येतंय. मी जन्मभर तिथंच तर भाकरी थापल्या."

डबा अजून तिथंच होता, उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून. सोनाजींनी चुंबळ शोधली; ती खुंटीला होती, तिच्यावर कोळ्यानं जाळं धरलं होतं. ती झटकून डब्यावर ठेवली आणि तिच्यात रामकिसनचा माइक बसवला, अंड्यासारखा. वाजवलं, उठले, ऐकलं.

ड्रम खरंच एक झाला होता. आधी तीन-चार वस्तू वेगवेगळ्या पडल्यासारख्या वाटायच्या, आता एक माणूस बसून वाजवतोय असं वाटत होतं. पण प्रत्येक मोठ्या ठोक्याच्या मागून एक बारीक झणकार येत होता. त्यांनी झांजा तपासल्या, स्क्रू पिळले, खिडकीची काच दाबून पाहिली. झणकार जाईना. शेवटी वैतागून डब्यावर टिचकी मारली. डबा वाजला, देवळातल्या घंटेसारखा.

तो रिकामा होता. तळाशी पिठाचा एक थर होता, तेवढाच. बाना होती तेव्हा डबा कधी अर्ध्याखाली गेला नाही, म्हणून तो कधी वाजला नाही. एकट्या माणसाला रोज भाकरी लागते कुठं? कधी खिचडी, कधी कोपऱ्यावरचे पावबटाटे, कधी सरूबाईंनी दिलेलं कालवण. सोनाजी डब्यापुढं उकिडवे बसले. घर रिकामं आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण ते असं वाजतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

माइक दुसऱ्या कशावर ठेवता आला असता. स्टूल होतं, पालथी बादली होती. ते त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी मागच्या खोलीतलं ज्वारीचं पोतं सोडलं, पिशवी भरली आणि गिरणीत गेले.

"एवढं?" सरूबाईंनी ओट्यावरून विचारलं. "बाना येऊ राहिली का काय?"

"नाय. डब्यात भरायचंय."

"डब्यात तर भरतातच पीठ. खायला कोण हाये?"

सोनाजी पिशवी सावरत पुढं गेले. आपण लागेलसं बोललो हे सरूबाईंना कळलं असावं, कारण संध्याकाळी त्या मेथीची भाजी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "उद्या कवा वाजवणार ते सांगा. भाजीवाल्याचा भोंगा मी गल्लीच्या तोंडाला थोपवते. माझ्यासमोर नाय बोलायचा तो."

गुरुवारी जेवणं झाल्यावर गल्ली निवांत झाली. पोरं शाळेत होती. सरूबाई खरोखरच गल्लीच्या तोंडाशी जाऊन भाजीवाल्याशी वांग्यांवरून भांडत होत्या. डबा काठोकाठ भरलेला, त्यावर चुंबळ, चुंबळीत माइक. सोनाजींनी रेकॉर्डर चालू केला, रामकिसननं पाठवलेलं गाणं कानात लावलं आणि काड्या उचलल्या.

या वेळी त्यांनी ऐकायचं सोडून दिलं. कडीचा माइक, पातेल्यावरचा माइक, काही आठवलं नाही. नजर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडं होती आणि हात आपोआप चालले होते. गाणं चढलं तसा हात चढला, मधेच उतरला, पुन्हा यळकोट म्हणत उसळला. वयामुळं उजवं मनगट दुखायला लागलं, तेही दुखून दुखून गप्प बसलं. शेवटचा ठोका पडला, झांज विझत गेली आणि स्टेशनातून निघालेल्या गाडीचा लांब भोंगा ऐकू आला.

गाडी गेल्यावर ते ऐकायला बसले. ड्रम होता, सगळा, सारखा. बानाच्या जागेवरून आपण कसे ऐकू येतो हे ते पहिल्यांदाच ऐकत होते. घरात कुणीतरी काम करता करता ऐकतंय, एवढ्या अंतरावरचा तो आवाज होता. दांडगा, पण अंगावर न येणारा. आपण इतके बरे वाजवायचो, हे तिला ठाऊक होतं तर.

गाणं संपलं, झांज विझली आणि मग रेकॉर्डरमधून त्यांचा स्वतःचाच आवाज आला. "कसं वाटलं गं?"

आपण असं काही बोललो, हे त्यांना आठवत नव्हतं. पण आवाज त्यांचाच होता, काड्या हातात असतानाचा. त्याच्यामागं पत्र्याची एक बारीक करकर होती आणि दुसरं काही नाही. मग गाडीचा भोंगा.

सोनाजींनी इकडंतिकडं पाहिलं, जणू कुणी ऐकलं असेल. मग जसं जमलं तसं, चष्मा पुसत, त्यांनी शेवटचा तो तुकडा कापून टाकला आणि उरलेलं रामकिसनला पाठवलं.

शुक्रवारी सकाळी त्याचा फोन आला. "सोन्या, घर ऐकू येतंय रे तुझं."

"मंग?"

"मंग काय? ठेवतो. मशीनला घर असतं का? ड्रमचा आवाज जरा मागं ठेवीन, पण तूच हायेस पुरा गाणंभर. नाव पण टाकतो. ड्रम, सोनाजी मल्हारराव."

सोनाजींनी "बरं" म्हटलं. इतक्या वर्षांनी ते झालं होतं आणि सांगायला घरात कुणी नव्हतं. त्यांनी बाहेर येऊन सरूबाईंना सांगितलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "आता मी भाजीवाल्याशी गोड बोलते. दोन दिवस झाले, वांगी नाय घरात." मग सोनाजींनी घरात येऊन बानाबाईंच्या मोबाईलवर तेच रेकॉर्डिंग धाडलं, कापलेलं.

दुपारी फोन आला. तीच कुजबुज.

"ऐकलं का?" सोनाजींनी विचारलं.

"ऐकलं. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी फोन ठेवला व्हता. पिठाच्या डब्यावरूनच भरलं ना?"

"व्हय."

"कळलं मला. पण शेवटाला काय बोलला नाय तुम्ही."

"कवा?"

"वाजवून झाल्यावर. काड्या ठेवायच्या आधी विचारायचे ना. मी वाट पाहिली. मला वाटलं, अजून हाये पुढं. तर ते बंदच पडलं."

उंबऱ्यातल्या डब्याकडं पाहत सोनाजी म्हणाले, "आता विचारतो."

"विचारा."

"कसं वाटलं गं?"

तिकडून काही क्षण नुसता वारा आला, बाल्कनीतला, उंचावरचा.

"वरण करपलं," बानाबाई म्हणाल्या. "सून येऊन विचारील आता, काय सांगू तिला?" त्या हसल्यासारखं झालं, पण हसणं पुरं व्हायच्या आधीच आत नात रडायला लागली. "उठली वाटतं. ठेवते हां," म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

सोनाजी खोलीभर हिंडले. कडीचा माइक सोडला, वायरी गुंडाळल्या, चुंबळ झटकून खुंटीला लावली. मग डब्याचं झाकण उघडलं. पीठ काठाला आलं होतं. ज्वारीचं पीठ फार दिवस राहिलं की कडू पडतं, हे बानानंच कधीतरी सांगितलं होतं.

त्यांनी परात काढली.